भत्ता

चहाचे पैसे म्हाताऱ्यानं दिले. गोष्ट एवढीच. तिला आता तीन महिने होऊन गेले, तरी दुपारी ओटा पुसताना, नाहीतर रात्री दिवा मालवल्यावर, पैसे काढतानाचा त्याचा हात डोळ्यांपुढे येतोच. सांगलीत विजयनगरला कोर्टाबाहेर चहाच्या गाड्या लागतात, त्यातली एक. अकराचा सुमार. ठेचलेल्या आल्याचा वास, शेगडीची फरफर, झेरॉक्सच्या दुकानासमोर फायली कवटाळून उभी असलेली माणसं. तेवढ्यात पोलिसांची पार्टी आली. शेजारच्या जिल्ह्यातल्या मोठ्या जेलमधून तारखेला आणलेला एक पोरगा, असेल तिशीचा, आणि दोन शिपाई. बेड्या नव्हत्या. एका शिपायानं त्याच्या बोटांत आपली बोटं गुंतवून धरली होती, जत्रेत पोरगं हरवू नये म्हणून धरतात तशी. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोघं जुने मित्र आहेत.

"तीन कटिंग दे," दुसरा शिपाई म्हणाला. पोरानं डाव्या हातानं ग्लास घेतला, कारण उजवा पोलिसाकडं होता. फुंकर मारून मारून, चहा संपूच नये अशा बेतानं पीत होता. पैसे द्यायची वेळ आली तसा लिंबाखाली बसलेला एक म्हातारा उठून पुढं आला. धोतर, टोपी, हातात कापड दुकानाची जुनी पिशवी. बंडीच्या आतल्या खिशातून त्यानं प्लास्टिकची पुडी काढली, तिच्यातून आधारकार्ड, आधारकार्डाच्या घडीतून दहाच्या तीन नोटा. "राहू दे की बाबा," शिपाई म्हणाला; फार जोर लावून नाही. म्हातारा म्हणाला, "येणंजाणं फुकाट पडतंय मला, साहेब. पंच्याहत्तरच्या वर हाय न्हवं. च्या तरी पाजू द्या." मग पिशवीतून भडंगाची पुडी काढली. शिपायानं ती हातात घेऊन वरखाली केली, वास घेतला आणि पोराच्या हातात दिली. म्हाताऱ्यानं स्वतःला चहा सांगितलाच नव्हता, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

माझा धाकटा भाऊ बाळू शेजारी उभा होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "सरकारचा जावई झालाय आणि बाप अजून पाजतोय बघ." मी मान डोलावली.

ती मान डोलावलेली टोचत असावी.

आम्ही दोघं तिथं आलो होतो ते दरखास्तीच्या कामाला. दावा जिंकणं आणि पैसे हातात पडणं यांच्या मध्ये एक लांबलचक माळ पसरलेला असतो, त्याला कोर्टाच्या भाषेत दरखास्त म्हणतात. बाळूची तासगाव तालुक्यात थॉमसन द्राक्षाची बाग आहे, अडीच एकर. काही वर्षांपूर्वी हंगामात एक व्यापारी आला. पहिल्या गाडीचे पैसे रोख मोजले, दुसऱ्या गाडीला अर्धे, उरलेल्या गाड्यांना "परवा". आमच्या भागात ही गोष्ट इतकी जुनी झालीय की ऐकणारा मधेच म्हणतो, पुढचं कळलं. पण माणूस लाघवी होता. बागेतल्या शेडमध्ये उलट्या क्रेटवर बसायचा, पेट्या भरणाऱ्या बायकांची नावानिशी चौकशी करायचा. माझ्या भावजयीला म्हणायचा, "वहिनी, चहात साखर नको, शुगर आहे मला. तुमच्या मालातच गोडी आहे." तिनं त्याच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं. तो गेला, पैसे गेले. बाळूनं ऑक्टोबरची छाटणी उधारीच्या औषधांवर काढली. मग दावा, मग तारखा, मग एकदाचा हुकूमनामा झाला. व्याज धरून चार लाखांच्या वर. व्यापाऱ्याच्या नावावर मात्र काहीच निघेना. बंगला बायकोचा, गाडी मुलाची, माणूस तेवढा स्वतःचा.

"मग माणूसच धरू," वकीलसाहेब म्हणाले. दिवाणी कैद. बाळूचे डोळे चमकले, मी पाहिलं. माझेही चमकले असतील. वकीलसाहेबांनी सावकाश, एकेक पाकळी काढावी तसं सांगितलं: आधी त्याला नोटीस जाईल. त्याच्याकडं पैसे असून तो देत नाही, हे आपण दाखवायचं. कारण जवळ नाहीत म्हणून देता येत नाहीत अशा माणसाला कर्जापायी आत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी १९८० सालीच सांगून ठेवलंय. बाईला तर पैशाच्या हुकूमनाम्यापोटी धरताच येत नाही. जास्तीत जास्त तीन महिने. आत बसला म्हणून कर्ज फिटत नाही. पण एकदा सुटला की त्याच हुकूमनाम्यावर पुन्हा धरताही येत नाही. "आणि भत्ता भरावा लागेल," असं म्हणून त्यांनी चष्मा काढला.

"कसला भत्ता?"

"त्याच्या जेवणाचा. तो तुम्ही भरायचा. अटकेच्या आधी कोर्टात, आणि पुढं दर महिन्याला, महिना लागायच्या आत."

बाळू काही वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "म्हणजे माझे चार लाख खाल्ले, आणि वर त्याला दोन वेळचं जेवण मीच घालायचं?"

"तुम्ही आत टाका म्हणताय ना? मग."

वकीलसाहेबांना या कलमांची गंमत वाटत होती. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या सत्तावन्नाव्या कलमात अजूनही लिहिलंय की हा भत्ता माणसाचा दर्जा, वंश आणि राष्ट्रीयत्व पाहून कमीजास्त ठरवता येईल. गोऱ्या कर्जदाराला पाव, काळ्याला भाकरी, असा काहीतरी तेव्हा हिशेब असणार. बाळूनं विचारलं, "द्राक्षाचा व्यापारी कुठल्या दर्जात बसतो?" आणि तिथं बसलेला कारकूनसुद्धा हसला. १८९४ च्या जुन्या तुरुंग कायद्यात तर याहून मजा होती. दिवाणी कैद्याकडं धड कपडे-अंथरूण नसेल तर जेलनं द्यायचं, आणि ज्याच्या सांगण्यावरून तो आत आला त्यानं मागणीची चिठ्ठी मिळाल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत त्याचे पैसे भरायचे. नाही भरले तर कैदी सुटू शकतो. भत्त्याचंही तसंच. धनकोनं पैसे भरायचं थांबवलं की दार उघडतं. फार तर पुढं तो खर्च दाव्याच्या खर्चात धरतात. पण त्या रकमेपायी माणसाला पुन्हा आत ठेवता येत नाही.

हे सगळं ऐकून आम्ही जिना उतरलो आणि चहाला गेलो. तिथं तो म्हातारा.

म्हणजे एकाच सकाळी दोन माणसं कैद्याच्या पोटाचे पैसे मोजताना पाहिली. एक चिडून, एक गुमान. आणि "सरकारचा जावई" हे शब्द बाळूच्या तोंडून आले याचं मला जास्त नवल वाटतं, कारण सरकारचे जावई कोण जेवू घालतं हे आमच्या घराइतकं थोड्याच घरांना ठाऊक असेल.

आमचं लहानपण कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावात गेलं. वडील पिठाच्या गिरणीत होते. पगार यायचा, पण गिरणीतल्या पिठासारखा, दिसायचा खूप आणि हाताला लागायचा कमी. मामलेदार कचेरीच्या मागं कस्टडी होती, दोन खोल्यांची, जाड गजांची. तिथल्या माणसांच्या जेवणाचा ठेका आईनं घेतला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. पहाटे चारला परातीवर भाकरी थापल्याचा आवाज सुरू व्हायचा, त्या आवाजातच आम्ही झोपायचो आणि त्या आवाजातच उठायचो. भाकरी, आमटी, एक भाजी. आदल्या रात्री कचेरीतला शिपाई आकडा सांगून जायचा. "उद्या सात." "उद्या अकरा, रात्री जुगाराची धाड पडली." आकडा वाढला की आईच्या कपाळावर आठी यायची आणि तोंडावर थोडं बरंही दिसायचं. आता कळतं, ती अकरा जणांच्या बिलाचा आणि अकरा जणांच्या पिठाचा हिशेब एकदम करत असायची.

शाळेच्या आधी मी आणि बाळू डबा न्यायचो. माझ्याकडं भाकऱ्यांची टोपली, बाळूकडं आमटीची बरणी, कारण तो न सांडता चालायचा. पहाऱ्यावरचा हवालदार भाकऱ्या मोजून घ्यायचा, अगदी बोटानं दाबून. कस्टडीला एक वास होता, ओल्या घोंगडीचा, फिनेलचा आणि विडीचा मिळून; अजूनही एखाद्या जुन्या सरकारी इमारतीत तो अचानक भेटतो. आतली माणसं आम्हाला नावानं ओळखायची नाहीत. "जेवणवाली पोरं आली," म्हणायची. एकदा गजाआडून एकजण म्हणाला, "पोरी, आईला सांग, आमटीत मीठ जास्त झालंय." माझ्या अंगावर काटा आला. कैदी माणूस, आणि जेवणाला नावं ठेवतो! घरी येऊन मी ते तिखटमीठ लावून सांगितलं. आई भडकली: "चोऱ्या करून वर चवी सांगतात मेले." भडकली खरी, पण संध्याकाळी आमटी तिनं दोनदा चाखली, आणि दुसऱ्या दिवसापासून मिठाची पुडी वेगळी जायला लागली. ज्याला पाहिजे त्यानं घ्यावं.

बिल मात्र महिन्याच्या महिन्याला जायचं आणि सहा-आठ महिन्यांनी यायचं. तीन प्रती, कार्बन लावून. वरच्या ओळीत बंद्यांची संख्या, खाली जेवणाची, शेवटी "अक्षरी रुपये". अक्षर चांगलं म्हणून ती मी लिहायचे. कधी अनुदान आलेलं नसायचं, कधी साहेबांची सही राहिलेली असायची, कधी मार्च असायचा. एकदा बिलातून एक जेवण कापून आलं. आक्षेप असा की अमुक तारखेला दुपारी एक बंदी जामिनावर सुटला, तरी संध्याकाळचं जेवण धरलंय. आई कचेरीत जाऊन म्हणाली, "तो सुटला हे मला कुणी येऊन सांगितलं? भाकरी तर गेलीय. ती कुणी खाल्ली ते तुम्ही शोधा." कारकून हसला, पैसे कापलेच. पैसे अडकले की वाण्याची उधारी वाढायची. तो बरा माणूस होता, पण ज्वारीचं पोतं देताना "बघा ताई, सरकारी काम आहे म्हणून देतोय" असं म्हणायचा. सरकारच्या कैद्यांना वाणी उधारीवर पोसत होता, आणि त्या उधारीला तारण होते आईचे हात. गावातली माणसं चावडीवर बसून बोलायची, "ह्यांचं बरंय, फुकटचं खातात." ते फुकट कुणाच्या घरून येतं हे आम्हाला डबा नेताना बघायचे, तरी बोलायचे.

आईला पुढं तो ठेका परवडेनासा झाला. तिनं सोडला तेव्हा शेवटची तीन बिलं थकलेली होती. दोन आली. तिसरं अजून यायचंय, असं ती मरेपर्यंत गमतीनं म्हणायची.

मी नंतर पोस्टात लागले आणि तीस-एक वर्षं काउंटरवर काढली, सांगलीत आणि आसपास. तिथं ही दुसरी बाजू दिसली. जेलच्या पत्त्यावर जाणाऱ्या मनीऑर्डरी. आया यायच्या, बायका यायच्या, कधी एखादी बहीण. रक्कम सांगताना आवाज खाली यायचा आणि पत्ता सांगताना आणखी खाली. पैसे आतल्या कँटीनसाठी: साबण, तेल, बिस्किटं, फरसाण. शंभराला पाच रुपये कमिशन, ते ऐकल्यावर काहीजणी पुन्हा पदराची गाठ सोडायच्या. जुन्या फॉर्मवर खाली मजकुराला थोडी जागा असायची, "तुम्हीच लिहा बाई" म्हणायच्या. काय लिहू, विचारलं की गप्प. शेवटी बहुतेकींचं एकच ठरलेलं: वेळेवर जेव. ज्याच्या जेवणाची जबाबदारी सरकारनं घेतलीय त्याला आई लिहून कळवते, वेळेवर जेव. आणि सोबत पाठवलेले दोनशे रुपये तिच्या दोन दिवसांच्या भांगलणीचे. मी शिक्का मारायचे. तेव्हाही माझ्या मनात कुठंतरी चावडीवरचंच वाक्य असायचं की आत तर सगळं मिळतं, मग ही कशाला पाठवते?

परवा हे सगळं घरी बोलत होते तर पुतण्या म्हणाला, "आत्या, सरळ त्यांच्याकडूनच वसूल करावं. अमेरिकेत कितीतरी ठिकाणी कैद्याला राहण्या-जेवणाचं बिल लावतात." बाळूचा मुलगा, पुण्यात असतो, टॅक्स कापून गेलेली पगाराची स्लिप त्याला दर महिन्याला नव्यानं दुखते. त्याचं अगदीच चूक आहे असंही नाही वाटत मला. आणि आपल्याकडं वसूल करत नाहीत असं थोडंच आहे? घरचं कुणी गेलं, कैद्याला मातीला जायचंय, तर बंदोबस्तात सोडतात. पण बंदोबस्ताचा खर्च भरा अशी अट कोर्टाच्या आदेशात पुष्कळदा असते. एल्गार परिषद खटल्यातले आरोपी गौतम नवलखा यांनी जेलऐवजी घरात नजरकैद मागितली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती दिली. पुढं मे २०२४ मध्ये त्यांच्या जामिनावरची स्थगिती उठवताना त्या पहाऱ्याच्या खर्चापोटी २० लाख भरायला सांगितले. तपास यंत्रणेनं मागितलेला आकडा तर कोटीच्या पुढं गेला होता. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयानंच कैद्यांच्या मजुरीबद्दल निकाल देताना सांगितलं की सक्तमजुरीच्या कामाला रास्त मजुरी द्या, आणि तिच्यातून अन्नवस्त्राचा खर्च कापून घ्यायला हरकत नाही. म्हणजे वसुलीच्या वाटा आहेत. पुतण्याला मी एवढंच विचारलं की जो अजून गुन्हेगार ठरलेलाच नाही, त्याच्याकडून कशाचं वसूल करणार? देशातल्या तुरुंगांत दर चार माणसांतली तीन अशीच आहेत, कच्चे कैदी, तारखेची वाट बघणारे. उद्या निर्दोष सुटला तर बिल परत करणार का? तो म्हणाला, "तो अपवाद झाला." चारातले तीन.

मग मीच अडखळले, कारण माझ्या हातात बाळूची दरखास्त होती.

त्या दिवाणी कैदेच्या कलमावर आम्ही हसलो, पण रात्री पडल्या पडल्या त्यातला खोचकपणा कळायला लागला. आत टाक म्हणणाऱ्याला कायदा म्हणतो, जरूर टाकू. पण पहिल्या तारखेला पाकीट काढ. दर महिन्याला. आणि पाकीट काढताना माणूस विचार करतोच की याला आत ठेवून मला काय मिळतंय. नको वाटलं तर पैसे भरू नकोस, तो सुटेल. सरकारला असं कधी पाकीट काढावं लागत नाही. कारागृहं राज्याचा विषय, घटनेत लिहिलेलंच आहे; पण राज्य म्हणजे एक लेखाशीर्ष, एक अनुदान, एक मार्चअखेर. चटका बसतो तो आईला, वाण्याला, त्या म्हाताऱ्याला, आणि प्रवासभत्त्याची बिलं लावून वाट बघत बसलेल्या त्या दोन शिपायांना. यातल्या कुणाच्याच हातात दाराची किल्ली नाही. पुतण्या म्हणतो तसं कैद्याकडूनच वसूल केलं, तर कोंडणाऱ्याचा उरलासुरला चटकाही जाईल आणि मग किती काळ ठेवलं हे विचारायचं कारणच कुणाला उरणार नाही. सरकारला हे अगदीच कळत नाही असंही नाही. २०२३ साली केंद्रानं एक योजना काढली: जामीन मंजूर होऊनही पैशाअभावी आत असलेल्या गरीब कच्च्या कैद्यासाठी ४० हजारांपर्यंत, आणि शिक्षा भोगूनही दंड भरता येत नाही म्हणून अडकलेल्यासाठी २५ हजारांपर्यंत मदत. म्हणजे आधी कोर्टानं जामिनाची रक्कम ठरवायची, ती नाही म्हणून सरकारनं माणूस ठेवायचा, त्याला जेवू घालायचं, आणि शेवटी ती रक्कमही सरकारनंच भरायची. माझ्या पोस्टातल्या हेडक्लार्कनं या व्यवहाराचा ताळेबंद कसा लावला असता कोण जाणे.

आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला मी एकदा गेले होते, नोकरीत असताना. वाटेत माणदेशी उघडंबोडकं रान, मेंढरांचे कळप, डाळिंबाच्या बागा आणि अंगाला चिकटणारी धूळ. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी आणि मूळचा पोलंडचा, भारतानंद नाव घेतलेला इंजिनिअर मॉरिस फ्रीडमन यांनी १९३९ साली ही कैद्यांची वसाहत काढली. गजही नाहीत, उंच भिंतही नाही. खुनाची शिक्षा भोगणारा माणूस बायकापोरांसह राहतो आणि शेतीवर आपलं आणि घरच्यांचं पोट भरतो. मी गेले तेव्हा एक बाई दारात शेंगा फोडत बसली होती. शेंगा फोडताना ती मधेच मान वर करून शेताकडं बघत होती, नवरा दिसतोय का असं. कुठल्याही गावात दिसावं तसं. खर्चाचा प्रश्न तिथं विरघळूनच गेलाय असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, तो सुटला कारण तिथं कोंडणंच सैल केलं. भिंत काढली की भिंतीचा खर्च, पहाऱ्याचा खर्च, तारखेच्या गाडीचा खर्च सगळंच उतरतं. पण ऐंशीहून अधिक वर्षं झाली, आपल्या जिल्ह्यात ही एवढी एक जागा आहे, आणि सहलीला आल्यासारखे आपण तिचं कौतुक करतो.

सांगलीचं जेल स्वतः गणेशदुर्गाच्या पोटात आहे, भर गावात. तिथून जाताना घरातली मोठी माणसं हटकून २४ जुलै १९४३ सांगायची: वसंतदादांनी सोबत्यांना घेऊन तट ओलांडला, कृष्णा दुथडी भरलेली, दादांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव गेले. ती गोष्ट ऐकताना आतला माणूस आपला असतो आणि बाहेरचा बंदूकवाला परका. २०१९ च्या महापुरात त्याच जेलात पाणी शिरलं, कैद्यांना वरच्या मजल्यावर हलवावं लागलं. तेव्हा गल्लीत आम्ही एकमेकींना पिण्याचं पाणी, मेणबत्त्या, दूध विचारत होतो. आतल्यांचं काय झालं असेल, हे माझ्या मनात आठवडाभरानं आलं, चिखल काढून झाल्यावर.

पुढची तारीख गेल्या आठवड्यात झाली. मी बाळूबरोबर गेले, खरं तर म्हातारा दिसतो का बघायला. तो नव्हता. दुसरीच पार्टी होती, दुसराच पोरगा, आणि त्याच्याकडं कुणीच आलेलं नव्हतं. शिपायांनी दोन चहा सांगितले. पोरगा गाडीवरच्या बरण्या बघत उभा होता. माझा हात पर्सकडं गेला. शिपाई समजला, म्हणाला, "मॅडम, कैद्याला बाहेरचं देता येत नाही." बरोबरच होतं त्याचं. थोड्या वेळानं त्यानं आपल्या ग्लासातला अर्धा चहा दुसऱ्या ग्लासात ओतला आणि न बोलता पोरापुढं केला.

बाळू वरून आला तेव्हा घामाघूम झाला होता. कोर्टात पैसे भरून घेणाऱ्या नाझरच्या टेबलावर भत्त्याच्या पहिल्या हप्त्याचे पैसे भरून आला होता. पावती चारदा घडी घालून शर्टाच्या खिशात, आईसारखीच. मला वाटलं आता शिव्या देईल, निदान "जावई" तरी म्हणेल. काहीच बोलला नाही. चहा आला, त्यानं ग्लास हातात धरला, पण प्यायला नाही. रस्त्याकडं बघत म्हणाला,

"अक्का, त्याला शुगर आहे. आत भात देत असतील का गं?"